ख्रिस्ती धर्मातील ‘तारण’ : अर्थ आणि प्रयोजन

डहाणू स्टेशनच्या रस्त्याने बँकांच्या आणि पतसंस्थांच्या पाट्या वाचीत गेले, तर ‘सोनेतारण कर्ज’ हे शब्द हटकून दृष्टीस पडतात. शेतकऱ्यांसाठी ‘शेतमाल तारण कर्ज योजना’ही आहे. येथे तारण म्हणजे कर्जाची हमी म्हणून दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू. हाच शब्द रविवारी सकाळी आपल्या भागातील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतून ऐकू येतो. तेथे तारण म्हणजे सुटका आणि उद्धार. पहिल्या अर्थाने वस्तू अडकते, दुसऱ्या अर्थाने माणूस सुटतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जवळजवळ उलट दिशांना तोंड करून उभे आहेत.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या अर्थाचा विचार करावयाचा आहे. परंतु पहिला अर्थही आपण जवळ ठेवणार आहोत, कारण दुसरा समजावून घेताना त्याचा फार उपयोग होतो, असे मला वाचताना आढळले.

हा विषय निवडण्यामागचे कारण सांगितले पाहिजे. डहाणू-तलासरीत अनेक पाड्यांवर ख्रिस्ती घर आणि जुन्या देवांना मानणारे घर एकमेकांच्या कुडाला कूड लावून उभे आहे. आमचे घर वारल्यांचे, हिरव्या देवाला आणि वाघोबाला मानणारे. माझ्या आईची सख्खी बहीण मात्र ख्रिस्ती आहे. मावशीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन वर्षे तिचे आमच्याकडे येणे-जाणे बंद होते. तिच्या बाजूचे म्हणत ती तरली, आमच्या बाजूचे म्हणत ती बुडाली. ‘तरणे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र दोन्ही बाजूंनी कोणी कोणाला विचारले नाही. शब्दाचा अर्थ निश्चित केल्यावाचून त्यावर वाद घालू नये, असे आपले प्राध्यापक वर्गात सांगतात. मी ख्रिस्ती नाही. कोणाच्या श्रद्धेचा प्रचार किंवा खंडन हा येथे हेतू नाही. एक शब्द नीट वाचण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी तीन प्रश्न घेऊ. तारण कशापासून? तारण कसे? आणि तारण कशासाठी?

१. तारण कशापासून?

‘तारण’ हा शब्द संस्कृत ‘तॄ’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ पार जाणे, पाण्यावर तरणे. ‘तारू’ म्हणजे जहाज हा शब्दही त्याच कुळातला. संतवाङ्मयातील भवसागर, पैलतीर, तारक या कल्पना आपण पाठ्यपुस्तकातून शिकलो आहोत. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरकारांना हा शब्द तयार मिळाला. परंतु शब्द मिळाला म्हणजे कल्पनाही तीच असते असे नाही.

भारतीय परंपरेत मोक्ष म्हणजे सामान्यतः जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्माची कल्पना नाही, त्यामुळे फेऱ्यातून सुटण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. शरीर हे बंधन आणि जग हे टाकून देण्याचे स्थान, असेही तो धर्म मानीत नाही. जग देवाने निर्माण केले आणि ते चांगले आहे, हा त्याचा आरंभ. शेवटी शरीराचेही पुनरुत्थान व्हावयाचे आहे, ही त्याची आशा. मग सुटका कशापासून? त्याचे उत्तर ‘पापापासून’ असे आहे.

पाप या शब्दाने आपल्या मनात चोरी, खोटे बोलणे, खून अशी एक यादी उभी राहते. ख्रिस्ती विचारात या यादीच्या मागे असलेली गोष्ट महत्त्वाची आहे. देवाशी असलेले माणसाचे नाते तुटले, त्यामुळे शेजाऱ्याशी असलेले नातेही बिघडले आणि माणूस स्वतःलाही परका झाला, अशी ती अवस्था आहे. यादीतील कृत्ये ही त्या आजाराची लक्षणे होत. म्हणूनच संत पौल आपल्या पत्रांत पापाविषयी बोलताना ते जणू माणसावर सत्ता गाजविणारा धनी आहे असे बोलतो. माणूस पाप करतो, एवढेच त्याचे म्हणणे नाही. माणूस पापाच्या ताब्यात आहे, असे तो म्हणतो.

बायबलच्या जुन्या करारातील तारणाची सर्वात मोठी कथा तर उघड गुलामीचीच आहे. इस्राएल लोक मिसर देशात वेठीने विटा पाडीत होते. मोशेच्या हातून देवाने त्यांना तेथून बाहेर काढले. यहुदी लोक वल्हांडण सणात आजही त्या सुटकेची आठवण करतात. तेव्हा तारणाची कल्पना केवळ मेल्यानंतरच्या स्वर्गापासून निघालेली नाही. ती प्रथम राबणाऱ्या माणसांच्या सुटकेतून घडली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात तारण करणे या अर्थी जे क्रियापद येते, तेच आजाऱ्याला बरे करणे या अर्थीही येते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली, त्या प्रसंगी हेच क्रियापद वापरलेले आहे. अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या पंथाच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात डहाणूत आपले काम सुरू केले, तेव्हा प्रार्थनामंदिराबरोबर दवाखानाही आला. त्यामागे सेवेची भावना होती, तशी या दुहेरी अर्थाची परंपराही होती. या पंथाची भारतातील मंडळी १९७० साली स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये सामील झाली.

२. तारण कसे?

येथे आपल्या तालुक्यांचा इतिहास उपयोगी पडतो. आपल्या भागात ‘लग्नगडी’ नावाची एक पद्धत होती. तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून थोडी रक्कम कर्जाऊ घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या घरी व शेतात राबायचे. बहुधा लग्न होऊन आलेली बायकोही राबे. मजुरी इतकी तुटपुंजी धरली जाई की कर्ज फिटत नसे, आणि हिशेबाची वही धन्याच्या हातात असे. बापाचे कर्ज मुलाकडे येई. डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला सादर केलेल्या १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या या स्थितीचे वर्णन आहे. माझ्या आज्याचा बाप असाच लग्नगडी होता. म्हणजे त्या कर्जाला सोने किंवा भात तारण नव्हते, माणूसच तारण होता.

हे मनात ठेवून बायबलकडे वळले म्हणजे तेथील कित्येक शब्द ओळखीचे वाटू लागतात. जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथात कर्जापायी विकल्या गेलेल्या माणसाविषयी नियम आहेत. त्याच्या जवळच्या नातलगाने पैसे भरून त्याला सोडवावे, त्याची गेलेली जमीनही सोडवावी, असे तेथे सांगितले आहे. अशा सोडविणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या कथेतील बवाज हा असाच नातलग. पुढे इस्राएल लोक आपल्या देवालाच ‘गोएल’ म्हणू लागले. ज्याच्यावर आपला काही हक्क नाही असा परका दयाळू श्रीमंत, असे हे देवाचे चित्र नाही. सोडविण्याचे कर्तव्य मानणाऱ्या सख्ख्या नात्याचे हे चित्र आहे. याच ग्रंथात दर पन्नासाव्या वर्षी दासांना मुक्त करावे आणि जमिनी मूळ कुटुंबांना परत द्याव्या, अशीही आज्ञा आहे.

नव्या करारात येशू आपल्या मरणाविषयी बोलताना जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा अर्थ गुलामाला सोडविण्यासाठी भरलेली किंमत असा आहे. मराठी भाषांतरात त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द घेतलेला आढळतो. खंडणी या शब्दाला आज गुंडगिरीचा वास येतो, म्हणून वाचक बुचकळ्यात पडतो. ‘गहाण सोडविणे’ या आपल्या नेहमीच्या बोलण्यातील ‘सोडविणे’ त्या अर्थाच्या अधिक जवळ जाते.

किंमत भरली, तर ती कोणाला भरली, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. ख्रिस्ती आचार्यांनाही तो पडला होता. प्राचीन काळी काहींनी उत्तर दिले की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा किंमत सैतानाला दिली. चौथ्या शतकातील नाझियांझसचा ग्रेगरी याने त्यावर हरकत घेतली. लुटारूला देवाने किंमत मोजावी, हे त्याला पटेना. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने निराळी मांडणी केली. माणसाने देवाचा जो मान हिरावला त्याची भरपाई माणसाकडून व्हावयास हवी, परंतु ती करण्याची ताकद फक्त देवात आहे. म्हणून देव माणूस झाला, असा त्याचा युक्तिवाद. बाराव्या शतकात आबेलार याने भर दिला तो प्रेमावर. क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, हेच तारण असे त्याचे म्हणणे. या मतांपैकी एकच खरे असा निर्णय सगळ्या ख्रिस्ती पंथांनी मिळून कधी केला नाही. तारण येशूच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने मिळाले, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

३. कृपा की कमाई?

तारण माणसाने पुण्य करून कमवावयाचे, की देवाच्या कृपेने फुकट घ्यावयाचे? या प्रश्नावर युरोप दुभंगला. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर याने क्षमापत्रांच्या व्यवहारावर आक्षेप घेतला. तारण केवळ कृपेने आणि केवळ विश्वासाने मिळते, हे पुढे त्याच्या शिकवणुकीचे सूत्र झाले. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) कॅथलिक बाजू मांडली. आरंभ कृपेचाच, परंतु त्या कृपेने माणूस आतून बदलतो आणि त्या बदलात त्याचे सहकार्य असते, असा तिचा आशय होता. या भेदापायी पुढे कित्येक पिढ्या भांडणे झाली. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील औग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस आपल्या पुण्याईने नव्हे, तर कृपेने स्वीकारला जातो आणि त्या कृपेतूनच सत्कर्मे उपजतात, असे दोघांनी मिळून मान्य केले.

हा वाद पंडितांचा वाटतो. पण त्यातील मर्म येशूच्या एका दाखल्यात साध्या माणसालाही कळेल असे आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत असेल. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी जातो, सर्व उडवितो, दुष्काळात डुकरे चारण्याची वेळ त्याच्यावर येते. तेव्हा तो घरी परतण्याचे ठरवितो आणि बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवितो. मी मुलगा म्हणवून घेण्याच्या लायकीचा उरलो नाही, मला मोलकऱ्यांत ठेवा, असे तो म्हणणार असतो.

लग्नगड्याच्या वंशात जन्मलेल्या मुलीला या ठिकाणी थांबावेसे वाटले. हा मुलगा बापाशी गड्याचा करार करावयास निघाला आहे. राबून फेडीन, असे त्याचे म्हणणे. पण दाखला काळजीपूर्वक वाचला तर असे दिसते, की ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप दुरूनच धावत येतो, त्याच्या अंगावर झगा आणि बोटात अंगठी घालावयास सांगतो. गड्याचा करार होतच नाही. जो मुलगा आहे, त्याचे कर्ज वहीत लिहावयाचे नसते.

या दाखल्यातील थोरला भाऊ तितकाच महत्त्वाचा. तो घर सोडून गेला नव्हता, आज्ञा मोडीत नव्हता. तरी त्याची तक्रार ऐकली तर ती गड्याचीच तक्रार आहे. इतकी वर्षे मी तुमच्याकडे राबलो, मला काय मिळाले, असा तिचा सूर आहे. म्हणजे घरात राहूनही तो मनाने गडीच राहिला. ख्रिस्ती विचारात तारण म्हणजे गडीपण जाऊन मुलगेपण मिळणे. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दासपण आणि दत्तकपण यांचा हाच विरोध दाखविला आहे. कृपा म्हणजे काय, हे मला अँसेल्मपेक्षा या दाखल्याने अधिक समजले.

४. मराठी मनातील तारण

ही कल्पना मराठीत उतरविण्याचे प्रयत्न चारशे वर्षे चालू आहेत. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात ख्रिस्ती तारणाची कथा ओवीछंदात आहे आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द आहे. पुढे १८११ मध्ये विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन मोठी मराठी माणसे या कल्पनेला भिडली. त्यांतील एक रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाने आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ती झाले तरी त्यांनी अभंग आणि भजन सोडले नाही. त्यांच्या धर्मांतराने घर दुभंगले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे विशेष जाणवते, की नवऱ्याच्या तारणाने त्यांचे तारण आपोआप झाले नाही. जातिभेद मनातून जाण्याचा क्षण त्यांचा त्यांनाच गाठावा लागला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. परंतु तेथील धर्ममंडळाची प्रत्येक गोष्ट त्यांनी निमूटपणे मान्य केली नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क राखून ठेवला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना आणून त्यांनी पुण्याजवळ केडगावी आश्रय दिला. त्या वसतीला नाव दिले ‘मुक्ती’. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मुली अक्षर शिकल्या आणि खिळे जुळवावयासही शिकल्या. स्वतः रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती हा शब्द त्यांनी पोथीतून काढून विहीर, माग आणि खिळे यांच्या शेजारी आणून ठेवला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

५. तारण कशासाठी?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. तारण मिळाले, पुढे काय? पुष्कळ श्रोत्यांची समजूत अशी दिसते, की तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जागा राखून ठेवणे. ख्रिस्ती धर्मग्रंथ एवढ्यावर थांबत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने मिळते, कर्मांनी नव्हे, असे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की माणूस सत्कर्मांसाठी नव्याने घडविला गेला आहे. कर्म हे तारणाचे मूल्य नव्हे, फळ होय. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरविला आहे.

जक्कयाची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. यरीहो गावचा हा मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी कर वसूल करून श्रीमंत झालेला, लोकांना नकोसा. येशूला पाहण्यासाठी हा ठेंगणा गृहस्थ उंबराच्या झाडावर चढला. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा गेला. कोणतीही अट घातली नाही. नंतर जक्कयाने सांगितले की आपली अर्धी मालमत्ता तो गरिबांना देईल आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करील. तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी स्वीकार, मग परतफेड. आणि परतफेड देवाला नव्हे, तर ज्यांचे घेतले होते त्यांना! ज्या भागात अंगठ्यांच्या सह्यांवर जमिनी गेल्या, त्या भागात ही कथा वाचताना अंगावर काटा आल्यावाचून राहत नाही. तारणाचा पुरावा सावकाराच्या गुडघ्यांवर नव्हे, त्याच्या वहीत दिसला.

नासरेथच्या सभास्थानात आपल्या कार्याचा आरंभ करताना येशूने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील जो भाग वाचला, त्यातही दीनांना सुवार्ता आणि धरून नेलेल्यांना सुटका हेच विषय आहेत. याच धाग्यावरून पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले. अन्याय्य व्यवस्थेतून सुटका, माणसाच्या मनाची सुटका आणि पापापासून सुटका या तीन गोष्टी वेगळ्या असल्या तरी तोडता येत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व ख्रिस्ती विचारवंतांना ते मान्य झाले नाही. तारण राजकारणात विरघळून जाईल, अशी भीती व्यक्त झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

हे आपल्या भूमीवर ताडून पाहू. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी किसान सभेच्या परिषदेत हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, असा निश्चय त्यांनी केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. ही हकिगत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आली आहे. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. लग्नगड्यांना या चळवळीने सोडविले, धर्माने नव्हे. हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर हेही खरे, की वेठ गेली तरी दारू, बायकोला मारहाण, भुताळी ठरविलेल्या बाईचा छळ ही बंधने कायद्याने आपोआप तुटली नाहीत. बाहेरच्या धन्यापासून सुटलेला माणूस आतल्या धन्याच्या ताब्यात राहू शकतो. पौलाला जे म्हणावयाचे होते ते हेच असावे.

६. दान आणि गहाण

आता आरंभीच्या दोन अर्थांकडे वळू. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे तारण हे दान आहे. दानाला व्याज नसते. तेव्हा कोणी औषध, वसतिगृह, शाळा अथवा नोकरी देऊन त्याच्या मोबदल्यात माणसाची श्रद्धा मागितली, तर ते त्याच धर्माच्या मूळ शिकवणुकीशी विसंगत होईल. तेथे तारणाचा पहिला अर्थ, गहाणाचा अर्थ, मागच्या दाराने आत येतो. हे जितके देणाऱ्यास लागू, तितकेच रोखणाऱ्यासही लागू आहे. तू परत आलीस तरच आमची बहीण, असे म्हणणारे घरही नात्याचे गहाण मागत असते. आमच्या घरी ते दोन वर्षे चालले. पुढे आई आजारी पडली तेव्हा मावशी न बोलावता आली आणि पंधरा दिवस राहून भात रांधून गेली. त्यानंतर कोणी अट काढली नाही. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवता येत नाही, असाच त्याचा अर्थ मी करते.

राहिला एक नाजूक प्रश्न. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही त्यांचे काय? माझ्या आज्याचा बाप हिरव्या देवाचे नाव घेत मेला. तो बुडाला काय? या बाबतीत ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. ख्रिस्तावर प्रकट विश्वास हवाच, असे मानणारे आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मात्र असे म्हटले, की ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मावशीला मी हा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “बाप धावत येतो ना गोष्टीत, मग तो कुठवर धावतो ते आपून कसे सांगणार?” कोणत्याही पुस्तकात मला याहून चांगले उत्तर सापडले नाही.

तात्पर्य, ख्रिस्ती श्रद्धेतील तारणाचा अर्थ असा सांगता येईल. तुटलेल्या नात्यापासून आणि पापाच्या सत्तेपासून सुटका, ती माणसाच्या कमाईने नव्हे तर देवाच्या कृपेने, आणि तिचे प्रयोजन असे की सुटलेल्या माणसाने दुसऱ्याला सोडविणारा व्हावे. श्रद्धा मानणे न मानणे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु पाड्यावर यापुढे तारणाचा विषय निघेल तेव्हा ‘तरली की बुडाली’ एवढ्यावर न थांबता कशापासून, कसे आणि कशासाठी हे तीन प्रश्न आपण विचारावेत, एवढीच माझी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना विनंती आहे. आणि उत्तर कोणीही देवो, ते ऐकताना एक गोष्ट तपासावी. त्या उत्तराने माणूस सुटतो, की नव्या धन्याच्या वहीत त्याचे नाव चढते?

द्वितीय वर्ष कला